दमा, पित्त, एक्झिमा आणि ट्रायल: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांना (ट्रायलला) मंजुरी देणाऱ्या इंदूरमधल्या एका एथिक्स कमिटीवर मी सामान्य सदस्य आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही. संमतीपत्र माझ्यासारख्या माणसाला कळतं का, हे बघणं माझं काम. त्यामुळे टिळकनगरपासून सुदामानगरपर्यंत ओळखीचे-बिनओळखीचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत असतात. तेच तेच येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणती गोळी घ्यावी हे इथे मिळणार नाही, त्यासाठी आपले डॉक्टर आहेत.

1. ट्रायल म्हणजे डॉक्टर नवीन औषध देऊन बघतात, तेच ना?

नाही. डॉक्टर दवाखान्यात औषध बदलतात तेव्हा तुमचा त्रास कमी करणं एवढाच हेतू असतो, आणि उद्या जमलं नाही तर ते परत बदलतात. ट्रायलमध्ये प्रश्न आधीच कागदावर ठरलेला असतो: हे औषध, एवढ्या डोसमध्ये, अशा रुग्णांना, अमुक आठवडे दिलं तर अमुक गोष्ट बदलते का? तुम्ही त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मदत करत असता. फायदा होईलच असं नाही, आणि तो होईल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथेच सावध व्हा.

टप्पे चार. पहिल्यात थोड्या, बहुधा निरोगी लोकांवर सुरक्षितता बघतात. दुसऱ्यात डोस ठरतो. तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन सध्याच्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) तुलना होते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरचा. इथल्या लोकांना दमा-पित्ताच्या (पित्त म्हणजे अंगावर गांधी उठणं, ॲसिडिटी नव्हे) ज्या ट्रायलबद्दल विचारलं जातं, त्या बहुतेक तिसऱ्या टप्प्यातल्या असतात.

2. इंदूरमध्ये सध्या दम्याची कुठली ट्रायल चालू आहे, हे कसं शोधायचं?

सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) ही भारताची ट्रायल नोंदवही. दिल्लीत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एका संस्थेत ती 2007 पासून चालते आणि 15 जून 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे. संकेतस्थळावर आजाराचं नाव टाकून शोधा. प्रत्येक नोंदीत केंद्रांचे पत्ते, प्रमुख डॉक्टरांचं नाव, कुठल्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली आणि भरती चालू आहे की थांबली, हे असतं. मजकूर इंग्रजीत आहे, घरातल्या कॉलेजवाल्या पोराला बसवा.

कोणी तुम्हाला ट्रायलमध्ये बोलावलं तर पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा विचारा. क्रमांक सांगता येत नसेल तर उठून या. आयुर्वेदिक औषधांचे अभ्यासही तिथे नोंदवले जातात, तेव्हा 'आमचं आयुर्वेदिक आहे, नोंद लागत नाही' ही सबब ऐकून घेऊ नका.

3. इंदूरचं नाव ट्रायलच्या प्रकरणात बदनाम झालं होतं ना? मग आता विश्वास कसा ठेवायचा?

झालं होतं. 2010 च्या आसपास इथल्या सरकारी रुग्णालयात झालेल्या ट्रायलवरून आरोप झाले: रुग्णांना पुरतं न सांगता सामील करून घेतलं, अनेकांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच ठाऊक नव्हतं. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर वर्षभरात बरंच हललं. जानेवारी 2013 मध्ये इजा झाल्यास भरपाईचा नियम आला, फेब्रुवारीत एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली, आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने संमती घेतानाचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलं.

पुढे 2015 मध्ये व्हिडिओची सक्ती सैल केली गेली. आता ती पूर्णपणे नव्या औषधी रेणूच्या ट्रायलमधल्या दुर्बल गटातल्या सहभागींसाठीच आहे (मुलं, गरीब, बेरोजगार, असाध्य आजाराचे रुग्ण वगैरे). 2019 च्या नव्या नियमांतही तेच कायम राहिलं. मला विचाराल तर ही सक्ती सगळ्यांना ठेवायला हवी होती. कॅमेरा समोर असला की समजावून सांगणाऱ्याची घाई कमी होते, हे मी पाहिलं आहे.

विश्वास आंधळा ठेवू नका, पण जुन्या प्रकरणामुळे चांगल्या ट्रायललाही नाही म्हणू नका. देशभरच्या रुग्णांना आज जे हक्क आहेत, त्यातले काही इंदूरच्या लोकांनी भांडून मिळवलेले आहेत. ते वापरा.

4. एथिक्स कमिटीत डॉक्टरच असतात, ते डॉक्टरांचीच बाजू घेणार ना?

किमान सात सदस्य लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री असावी लागते आणि निम्मे तरी त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत. ट्रायल करणारे डॉक्टर स्वतःच्या प्रस्तावावर मत देऊ शकत नाहीत. रुग्णालयाची स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा 50 किलोमीटरच्या आतली कमिटी चालते. कमिटीचा संपर्क क्रमांक संमतीपत्रावर छापलेला असतो. डॉक्टरांविषयी तक्रार असेल तर तिथे थेट फोन करा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

5. आईला फक्त मराठी वाचता येतं. फॉर्म हिंदी-इंग्रजीत आहे. मी सांगितलं आणि तिने सही केली तर चालेल?

चालणार नाही, आणि चालवूनही घेऊ नका. संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. मराठी प्रत मागा. इंदुरात ती तयार नसते, कारण मागणारं कोणी भेटत नाही. मागितली तर भाषांतर करून, कमिटीची मंजुरी घेऊन द्यावी लागते, त्याला थोडे दिवस जातात. वाचताच येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार सगळं बोलणं होईपर्यंत हजर हवा. ट्रायल करणाऱ्यांतला माणूस साक्षीदार म्हणून चालत नाही.

कागद घरी नेण्याचा हक्क आहे. 'आत्ताच सही करा, जागा भरत आल्यात' असं ऐकलं तर सही करू नका. सही केल्यावर एक प्रत तुमची.

6. मला गोळीच्या नावाखाली खडूची पूड देतील का? म्हणजे प्लासिबो?

देऊ शकतात, पण तसं संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं. कोणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो. बहुतेक ट्रायलमध्ये डॉक्टरांनाही ते माहीत नसतं. जिवावर बेतलं तर गट उघड करण्याची सोय मात्र ठेवलेली असते.

प्लासिबो लागतोच कशाला, याचं उत्तर पित्ताच्या एका ट्रायलमध्ये छान दिसतं. जुनाट पित्तासाठी ओमालिझुमॅब या इंजेक्शनची 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली एक ट्रायल आहे, 323 रुग्णांची. आठवड्याच्या खाजेला 0 ते 21 गुण. 12 आठवड्यांनी 300 मिलिग्रॅमच्या गटात गुण सरासरी 9.8 ने उतरले. आणि नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत? तिथेही 5.1 ने उतरले. पित्त आपोआप कमी-जास्त होतं, नियमित तपासणीनेही धीर येतो. तुलनेला दुसरा गट नसता तर पूर्ण 9.8 औषधाच्या खात्यावर जमा झाले असते.

नियम असा की प्रचलित उपचार उपलब्ध असताना तो न देता नुसत्या प्लासिबोवर ठेवलं आणि त्यातून इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. म्हणून दम्यात सहसा नेहमीचा उपचार चालू ठेवून त्यावर औषध किंवा प्लासिबो जोडतात (प्रश्न 7).

7. ट्रायलमध्ये माझा पंप बंद करायला लावतील का?

तातडीचा पंप कधीच काढून घेत नाहीत. तो कुठला वापरायचा आणि दिवसात किती वेळा घेतला हे लिहायचं, एवढंच. रोजचा स्टेरॉइडचा पंप काही ट्रायलमध्ये बदलतात किंवा हळूहळू कमी करतात. तसं असेल तर दम वाढल्यावर नेमकं काय करायचं, कोणाला रात्री दोन वाजता फोन लावायचा, हे कागदावर लिहून घ्या. बोलता येईनासं झालं, ओठ निळे पडले, पंपाने फरक पडला नाही, तर ट्रायलच्या डॉक्टरांची वाट बघत बसू नका: 108 ला फोन आणि जवळचं रुग्णालय.

पंपाची भीती हा वेगळा विषय आहे, पण इथे एक सांगतो. नुसता आराम देणारा निळा पंप वर्षानुवर्षं ओढत राहणं हेच धोक्याचं, हे संशोधनातूनच ठरलं. 2019 पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं मोठ्यांना आणि किशोरांना एकटा तो पंप द्यायला नको म्हणतात, सोबत स्टेरॉइडचा अंश हवाच. त्याआधी सॅलमेटेरॉल या लांब टिकणाऱ्या औषधाचा 26,355 लोकांचा मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला होता. नेहमीच्या उपचारात सॅलमेटेरॉल घातलेल्या गटात दम्याने 13 मृत्यू, प्लासिबोच्या गटात 3. दुर्मिळ धोका असा हजारोंच्या संख्येतच दिसतो.

8. पित्ताची डायरी भरायला दिली आहे. गांधी मोजायच्या कशा? आणि रंगपंचमीची गेर (मिरवणूक) बघायला गेलो होतो तेही लिहायचं का?

बहुतेक ट्रायलमध्ये सात दिवसांचा तक्ता असतो. रोज दोनच गोष्टी. गांधी: एकही नाही तर 0, 24 तासांत 20 पेक्षा कमी तर 1, 20 ते 50 तर 2, पन्नासच्या वर किंवा एकमेकांत मिसळून मोठे चट्टे झाले तर 3. खाज: नाही 0, थोडी 1, त्रासदायक पण कामं होतात 2, झोप किंवा काम बिघडवणारी 3. दिवसाचे जास्तीत जास्त 6, आठवड्याचे 42. सुमारे 10 गुणांनी उतरलं तर रुग्णाला खरा फरक जाणवला असं धरतात.

त्याच दिवशी रात्री भरा. तपासणीच्या आदल्या दिवशी आठवडाभराचं एकदम भरणारे पुष्कळ असतात, आणि ते ओळखू येतं: सगळीकडे 2-2-2, एकाच पेनाने. सुटलं असेल तर कोरं ठेवा, अंदाज लिहू नका.

गेर लिहा. रंगपंचमीला राजवाड्यापाशी गुलालाच्या ढगात दोन तास उभं राहिल्यावर खाज वाढली तर ती औषध हरल्याची खूण नसेल, पण ते कोणाला तरी कळायला हवं. लग्नातलं जेवण, दुखण्यावर घेतलेली पेनकिलर हेही लिहा. पेनकिलर तर नक्कीच, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचं जुनाट पित्त उफाळतं.

9. मला दमा आहे, कागदपत्रं आहेत, तरी ट्रायलमध्ये घेतलं नाही. का?

नकार म्हणजे दमा खोटा असं नाही. फुंकण्याच्या तपासणीत पंप घेतल्यावर श्वासाची क्षमता 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढली पाहिजे, अशी अट पुष्कळदा असते. तुमचा दमा त्या दिवशी आटोक्यात असेल तर एवढी वाढ दिसणारच नाही. शिवाय गेल्या वर्षात किती झटके आले, रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या) पेशी किती, बिडी-सिगरेट किती वर्षं, या गाळण्या असतात. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना बहुधा घेत नाहीत.

10. दम्याच्या ट्रायलसाठी संडासची तपासणी कशाला? टीबीची कशाला?

हा प्रश्न सगळे लाजत लाजत विचारतात, पण तो चांगला आहे. ॲलर्जीत ज्या आयजीई या प्रतिपिंडाचा आपल्याला उपद्रव होतो, तो आतड्यातल्या जंतांशी लढण्यातही भाग घेतो. ओमालिझुमॅबसारखी औषधं नेमका तोच अडवतात. मग जंत असलेल्या माणसाचं काय? ब्राझीलमध्ये जंतांचा धोका असलेल्या रुग्णांवर याचा मुद्दाम अभ्यास झाला, 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं, उपचाराला मात्र ते दाद देत होते. म्हणून आधी तपासून जंताची गोळी देतात आणि मग सुरू करतात. एक्झिमाच्या जॅक-प्रतिरोधक (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) गोळ्यांमध्ये दबून बसलेला टीबी उठण्याची भीती असते, त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी.

11. पैसे मिळतात का?

येण्या-जाण्याचं भाडं, बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळू शकते आणि ती कमिटी मंजूर करते. अभ्यासाचं औषध आणि अभ्यासासाठीच्या तपासण्या मोफत. 'ट्रायल करा, कमवा' असं जिथे ऐकाल तिथे थांबा.

12. काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

इजा ट्रायलमुळे झाली की नाही हे ठरेपर्यंत किंवा गरज असेल तोवर उपचार मोफत. गंभीर घटना घडली की डॉक्टरांनी 24 तासांत कंपनीला, औषध नियंत्रकांना आणि कमिटीला कळवायचं, 14 दिवसांत सविस्तर अहवाल. ट्रायलशी संबंध ठरला तर भरपाई, नियंत्रकांचा आदेश आल्यापासून 30 दिवसांत.

मृत्यू झाल्यास रकमेचं सूत्र नियमातच आहे: 8 लाख गुणिले वयाचा गुणक, गुणिले जोखमीचा गुणक, भागिले 99.37. वय 65 च्या वर असेल तर वयाचा गुणक 99.37 च, म्हणजे तो कटतो. जोखमीचा गुणक मरणासन्न रुग्णाला 0.5 आणि निरोगी माणसाला 4. मध्यम जोखमीच्या, गुणक 2 असलेल्या सत्तरीच्या रुग्णासाठी हे 16 लाख होतात. लहान वयात रक्कम बरीच मोठी. सूत्र रूक्ष आहे, पण 2013 च्या आधी तेवढंही नव्हतं.

13. मुलगा नऊ वर्षांचा आहे, अंगभर एक्झिमा. मी हो म्हणालो, तो नको म्हणतो. मग?

मग नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साधारण 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी अनुमती लागते, आईवडिलांची संमती वेगळी. त्याला विचारा, नको काय आहे? बहुतेक वेळा इंजेक्शन असतं. मलमाची ट्रायल असली तर त्याचं मत वेगळं निघेल.

14. घरात ॲलर्जीचा वारसा आहे. बाळाला शेंगदाणे द्यावेत का? रोज मॉइश्चरायझर लावलं तर एक्झिमा टळेल का?

दोन्हींवर चांगल्या ट्रायल झाल्या आणि निकाल उलटसुलट लागले. लंडनच्या अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं होती. निम्म्यांनी शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत टाळले, निम्म्यांनी नियमित खाल्ले. सुरुवातीला त्वचेची चाचणी निगेटिव्ह होती त्या बाळांत, टाळणाऱ्यांपैकी 13.7 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत 1.9 टक्के. 2015 मध्ये हे आलं आणि जगभरचा 'टाळा' हा सल्ला फिरला. आपल्याकडे दाण्याचं कूट घरात असतंच. पण बाळाला तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि लहान मुलाला अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो.

मॉइश्चरायझरचं उलट झालं. ब्रिटनमध्ये 1394 नवजात बाळांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज लावलं. दोन वर्षांच्या वयात एक्झिमा 23 टक्क्यांना, न लावलेल्यांत 25 टक्क्यांना. म्हणजे फरक नाही. एक्झिमा झाल्यावर मात्र मॉइश्चरायझर हा उपचाराचा पाया आहे, तो बंद करू नका. आजीच्या तेलमालिशीबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

15. मी मंडीत सोयाबीनच्या तोलाईवर आहे. हंगामात दम लागतो. ही ॲलर्जी आहे का, आणि यावर संशोधन आहे का?

आहे, आणि ॲलर्जीच्या इतिहासातली ही प्रसिद्ध गोष्ट आहे. 1981 ते 1987 मध्ये बार्सिलोना शहरात 26 दिवस असे आले की तातडीच्या कक्षात एकाएकी दम्याच्या रुग्णांची रीघ लागली. हवामान बघितलं, प्रदूषण बघितलं, मेळ लागेना. शेवटी संशोधकांनी बंदराची 1985 आणि 1986 ची नोंदवही काढली: त्या दोन वर्षांतले असे तेराच्या तेरा दिवस जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे निघाले. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि वारा ती भुशी शहरावर नेत होता. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धचं आयजीई सापडलं. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. इथे कोणाला औषध दिलं नाही, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, हे निरीक्षणाचं संशोधन. असे प्रश्न ट्रायलने सुटत नाहीत.

सोयाबीनचा हा माळवा, तेव्हा छावणी किंवा लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत चाळणीपाशी उभं राहणाऱ्याने हे मनावर घ्यावं. ॲलर्जी भुशीतल्या कणांची असते, ती श्वासावाटे जाते. सोयाबीन खाणं ही वेगळी गोष्ट. डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका: साधं फुंकायचं पीक फ्लो मीटर घ्या, दिवसातून चार वेळा आकडा लिहा, किमान दोन आठवडे, त्यात सुट्टीचे दिवस हवेतच. कामाच्या दिवशी आकडा घसरतो आणि सुट्टीत चढतो, एवढा कागद हातात असला की निम्मं रोगनिदान झालं. मळणी आणि गाजरगवत एकाच मोसमात येतात, म्हणून दोन्हींचा विचार होऊ द्या.

16. कोजागरीला दम्याच्या औषधाची खीर देतात. हजारो लोकांना फायदा होतो म्हणे. हे संशोधन नाही का?

खीर खायला हरकत नाही, दुधाची ॲलर्जी नसेल तर. पण हे संशोधन नव्हे. किती जण आले हे मोजलं जातं, किती जण बरे झाले आणि किती नाही हे कोणी मोजत नाही. दम फार वाढलेला असतो तेव्हाच माणूस जातो आणि नंतर तो थोडा उतरतोच (प्रश्न 6 मधले 5.1 गुण आठवा). खरा धोका एकच: त्या रात्रीनंतर पंप फेकून देणं. शिवाय वर्षभर 'हमखास' पुड्या विकणारे वेगळे, तसल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं उघड झालेलं आहे.

17. मधेच सोडायची असेल तर?

कधीही, कारण न देता, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार अडवता येत नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका. स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवणं घातक असतं, आणि शेवटची तपासणी तुमच्याच भल्याची असते. तोवर जमा झालेली माहिती सहसा तशीच राहते, नावाऐवजी क्रमांकाने.

18. इंजेक्शनने मला आराम पडला, पण ट्रायल संपली. आता ते बाजारभावाने कुठून आणू?

सगळ्यात अवघड प्रश्न, आणि उत्तर फारसं समाधानकारक नाही. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलनंतर औषध मोफत मिळू शकतं, पण अटी आहेत: डॉक्टरांनी शिफारस करावी, कमिटीने मान्य करावं, त्या आजाराला दुसरा उपचार उपलब्ध नसावा आणि तुम्ही लेखी संमती द्यावी. दमा आणि पित्ताला दुसरे उपचार आहेत, त्यामुळे हे दार अनेकदा बंद होतं. काही कंपन्या मूळ ट्रायलनंतर वर्ष-दोन वर्षांचा पुढचा अभ्यास ठेवतात, त्यात सगळ्यांना खरं औषध मिळतं. तशी सोय आहे का, हे सही करण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. आमच्या कमिटीत मी प्रत्येक प्रस्तावाला हा प्रश्न टाकतो. 'विचाराधीन' हे उत्तर मिळालं तर नाही असंच समजतो.